सोळाचा रकाना

अभयदीप रुग्णालयात गेल्या बावीस वर्षांत एकाही मोठ्या माणसाने मिनिटाला सोळापेक्षा एक श्वास जास्त घेतला नव्हता, की एक कमी. दम्याने हैराण झालेले आले, बाळंतिणी आल्या, उसाच्या ट्रॉलीखाली सापडलेले आले, नव्वदीचे म्हातारे आले. सगळ्यांचा श्वास सोळा. निदान कागदावर तरी.

यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. नाडी यंत्र सांगतं, रक्तदाब यंत्र सांगतं, रक्तातला प्राणवायू बोटाला लावलेला चिमटा सांगतो. श्वास मोजायचा तर मात्र घड्याळ धरून, रोग्याच्या छातीकडे बघत, पुरतं एक मिनिट उभं राहावं लागतं, आणि रुग्णालयात सगळं मिळतं, मोकळं मिनिट मिळत नाही. म्हणून सोळा. शिकवणाऱ्या प्राध्यापकांनी सोळा लिहिला, त्यांच्या हाताखाली शिकलेल्यांनी सोळा लिहिला, आणि त्यांचं बघून परिचारिकांनीही सोळाच लिहिला. जुन्या पत्रांच्या सुरुवातीला ‘इकडील सर्व क्षेम’ असायचं, तसा तो आकडा. खरं-खोटं करायला तो कुणी वाचत नसे.

डॉ. पद्मजा मगदूम ह्या तिथल्या भूलतज्ज्ञ. वय अठ्ठावन्न, निवृत्तीला सात महिने राहिलेले. शस्त्रक्रिया सुरू होताना तक्त्यातल्या श्वासाच्या रकान्यात पहिल्या चौकटीत १६ लिहायचा आणि तिथून खालपर्यंत एक उभी रेघ ओढून टाकायची, ही त्यांची पद्धत. एवढ्यावरून बाई निष्काळजी होत्या असं कुणी म्हणेल, तर त्याने त्यांना काम करताना पाहिलेलं नाही.

त्यांचं बहुतेक काम कमरेतून भूल देण्याचं. पाठीच्या मणक्यात बारीक सुई घालून औषध सोडलं की कमरेखालचं शरीर बधिर होतं, पण माणूस जागा राहतो. त्याची भीतीही जागी राहते. म्हणून शिरेतून थोडं गुंगीचं औषध द्यायचं. ते ‘थोडं’ म्हणजे किती, यातच सगळी विद्या आहे. अर्ध्या शरीराकडून मेंदूला काहीच कळेनासं झालं की मेंदू आपणहून पेंगायला लागतो, त्यामुळे औषध कमीच पुरतं. त्यातून म्हाताऱ्या माणसाचं रक्त सावकाश फिरतं. पहिली मात्रा लागू झाली नाही असं वाटून कुणी घाईने दुसरी दिली, की दोन्ही एकदम जाऊन पोचतात. मग जीभ मागे पडते, श्वास उथळ होतो आणि थांबतो. गंमत अशी, की ते कुणाला कळत नाही. नाकाला प्राणवायूची नळी असते, त्यामुळे फुप्फुसात साठा भरलेला असतो, आणि श्वास थांबल्यावरही काही मिनिटं बोटाचा चिमटा अठ्ठ्याण्णवच दाखवत राहतो. तो आकडा घसरायला लागतो तेव्हा फार थोडा वेळ हातात उरलेला असतो.

पद्मजाबाई चिमट्यावर विसंबत नसत. त्यांचा डावा हात शस्त्रक्रिया संपेपर्यंत रोग्याच्या हनुवटीखाली असे, आणि नाकाशी आलेल्या बोटांना प्रत्येक श्वासाची ऊब लागे. तोंडाने गप्पा चालू. शेत किती, सून कुठली, गुऱ्हाळ कधी लागलं. उत्तर जरा जड आलं, की दुसरी मात्रा त्या हातची राखून ठेवत. असं का केलं, हे तक्त्यात लिहायला जागा नव्हती. मात्रा किती दिली एवढंच तिथे लिहिलं जाई, आणि शेजारी सोळाची रेघ. हात सगळं जाणत होता, पण कागदाला त्यातलं काही ठाऊक नव्हतं. बावीस वर्षांत त्यांच्या गुंगीने एकही माणूस दगावला नाही, तेव्हा त्या सोळाने कुणाचं काय बिघडवलं, असा प्रश्न त्यांना कधी पडलाच नाही.

मग ‘अंगाई’ आली.

अंगाई म्हणजे गुंगीची मात्रा स्वतः ठरवून स्वतः देणारं यंत्र. राज्यभरातल्या रुग्णालयांतले भुलीचे अकरा लाख तक्ते वाचून ते शिकलं होतं. कुठल्या वयाला, कुठल्या वजनाला, किती औषध दिलं असता काय झालं, हे जे कुठल्याही डॉक्टरला सात जन्मांत बघायला मिळणार नाही, ते त्याने चार दिवसांत पाहिलं. त्या अकरा लाखांतले बेचाळीस हजार तक्ते अभयदीपचे होते, बरेचसे पद्मजाबाईंच्या हातचे. ‘या नोंदी खऱ्या आहेत’ अशा प्रमाणपत्रावर त्यांचीच सही होती. त्याबद्दल शाल-श्रीफळ देऊन त्यांचा सत्कार झाला, आणि परिचारिका रिबेका आवळे हिने पहिल्या रांगेत बसून हात दुखेपर्यंत टाळ्या वाजवल्या. रिबेका बावीस वर्षं त्यांच्याबरोबर होती. सुई कधी हातात द्यायची, हे तिला सांगावं लागत नसे.

यंत्र बसवायला आलेल्या अभियंत्याला पद्मजाबाईंनी एकच शंका विचारली होती. कंपनीच्या आधीच्या यंत्रांना उच्छ्वासातला वायू मोजणारी बारीक नळी असायची. श्वास थांबला की ती लगेच सांगायची. या यंत्राला ती का नाही? अभियंता म्हणाला, आकडेवारीने सिद्ध झालंय की श्वासाच्या माहितीने मात्रा ठरवायला काहीच मदत होत नाही. नळीला पाणी धरतं, विनाकारण भोंगा वाजतो, म्हणून काढली. कायद्यात आहे म्हणून छातीला श्वासाचा पट्टा तेवढा ठेवलाय. बाईंना ते चमत्कारिक वाटलं. पण अकरा लाख तक्त्यांपुढे आपण एकटीने काय बोलायचं, असं मनाशी म्हणून त्यांनी यंत्र मिळाल्याच्या पावतीवर सही केली.

यंत्र खरोखर चांगलं चाललं. रोगी गाढ झोपत, कुणी कण्हत नसे, सर्जन खूश. भुलीची सुई दिली की पद्मजाबाईंनी काचेच्या खोलीत जाऊन बसायचं आणि चार शस्त्रक्रियागृहांचे चार पडदे बघायचे, अशी नवी रीत पडली. एका भूलतज्ज्ञात चार टेबलं. तीन वर्षांत बाईंचा डावा हात कुणाच्या हनुवटीला लागला नाही.

मालन खोत गावातल्या पिठाच्या गिरणीची मालकीण. वय बाहत्तर, दोन्ही गुडघे झिजलेले. उजव्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी त्या गुरुवारी सकाळी आत आल्या, तेव्हा ट्रॉलीवरून त्यांनी पद्मजाबाईंचा हात धरला.

“बाई, मला लई झोपवू नगासा. चाळीस वर्सं गिरणीत काढली. दळण सपत आलं की दगडाचा आवाज बदलतो, मला न बगता कळतं. तसं तुमचं ध्यान ऱ्हाऊ द्या माज्यावर.”

पद्मजाबाई म्हणाल्या, “मी आहे की.”

सुई एका झटक्यात बसली. रिबेकाने छातीला पट्टा बांधला, नाकाला प्राणवायूची नळी लावली, बोटाला चिमटा. अंगाईने पहिली मात्रा सोडली. पद्मजाबाई हात धुऊन काचेच्या खोलीत गेल्या. तिसऱ्या टेबलावरच्या बाळंतिणीचा रक्तदाब खाली येत होता, त्यांचं लक्ष तिकडे लागलं.

अकरा वाजून सहा मिनिटांनी भिंतीवरच्या फोनमधून रिबेकाचा आवाज आला. “मॅडम, मालनबाईंचं मला बरं दिसंना. पोट वर येतंय तवा छाती खाली जातीय. जरा येऊन बघता?”

पद्मजाबाईंनी दोन नंबरच्या पडद्याकडे पाहिलं. प्राणवायू अठ्ठ्याण्णव. नाडी बहात्तर. श्वास सोळा.

“सोळा दिसतोय की, रिबेका. हातोडा चाललाय ना गुडघ्यावर, त्यानं हलत असेल. ठीक आहे सगळं.”

रिबेका “बरं मॅडम” म्हणाली. मॅडम म्हणाल्या की ते खरं, ही तिची बावीस वर्षांची सवय. अकरा वाजून तेरा मिनिटांनी अठ्ठ्याण्णवाचे नव्वद झाले, नव्वदाचे सत्तर, आणि भोंगा वाजला. पद्मजाबाई धावत आत गेल्या. मालनबाईंचे ओठ जांभळे पडले होते. हनुवटी उचलताना बोटांना कसलीही ऊब लागली नाही. हृदय बंद पडलं, ते त्यांनी चालू केलं. मेंदू काही परत आला नाही, आणि चौथ्या दिवशी मालनबाई गेल्या. भोंगा वाजला त्या क्षणालाही पडद्यावर श्वास सोळा होता.

चौकशी लागली. यंत्राच्या नोंदीत श्वास शेवटपर्यंत सोळा, तेव्हा यंत्र निर्दोष. कंपनीने लिहून दिलं की पट्टा सैल बांधला गेला असावा, म्हणून त्याच्याकडून यंत्राला जाणारा संकेत विस्कळीत आला. पट्टा बांधणारी रिबेका. रोग्याजवळ उभी असणारी रिबेका. तिच्यावर निलंबनाची नोटीस निघाली. परिचारिकेची नोंदणी रद्द होणार, वर मालनबाईंच्या मुलाने तक्रार दिली तर निष्काळजीपणाचा गुन्हा. नवरा अंथरुणाला खिळलेला, घर तिच्या पगारावर चाललेलं. तिने लेखी उत्तर दिलं ते एका ओळीचं: ‘मी पट्टा नीट बांधला होता.’

पद्मजाबाईंनी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. भिंतीवरच्या फोनचं बोलणं कुठे साठवलं जात नाही. रिबेकाने त्याबद्दल चकार शब्द लिहिला नव्हता. त्यांना हायसं वाटलं. मग त्या हायसं वाटण्याची त्यांना इतकी शिसारी आली, की कागद खाली ठेवून त्या खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या.

रुग्णालयाचे संचालक डॉ. हेरवाडे समजूतदारपणे बोलले. रिबेकाला सांभाळून घेऊ, ओळखीच्या नर्सिंग होममध्ये कुठेतरी चिकटवून देऊ. यंत्र जिल्ह्यात सव्वीस ठिकाणी चालतंय, ते बंद पडलं तर इतके भूलतज्ज्ञ आणायचे कुठून? तुमचे सात महिने राहिलेत, मॅडम, मान राखून जा. झाकली मूठ सव्वा लाखाची, असंही वर म्हणाले. बाईंनी होकार दिला नाही आणि नकारही दिला नाही. त्याच संध्याकाळी मालनबाईंचा मुलगा सुदर्शन आईचे कपडे न्यायला आला. जिन्यात त्या दिसताच त्याने वाकून नमस्कार केला. “आई तुमचं नाव घेऊन आत गेली, बाई. तुमी होता म्हणून आमी निर्धास्त होतो,” एवढं बोलून तो पिशवी घेऊन गेला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं.

रात्रंदिवस त्यांच्या डोक्यात एकच घोळत होतं. रिबेकाने पट्टा सैल बांधलेला नाही, हे त्यांना स्वतःच्या नावाइतकं पक्कं ठाऊक होतं. मग सोळा आला कुठून? अखेर एका दुपारी दोन नंबरचं शस्त्रक्रियागृह रिकामं होतं, तेव्हा त्या आत गेल्या, टेबलावर एकटीने थोडा वेळ काहीतरी करून पाहिलं, आणि बाहेर आल्या त्या पांढऱ्या पडूनच. तिथून त्या थेट तळघरातल्या जुन्या दफ्तराच्या खोलीत गेल्या.

कागद पिवळे पडले होते, पण अक्षर ओळखीचं होतं. १६ आणि रेघ. १६ आणि रेघ. गठ्ठ्यामागून गठ्ठे. अंगाईला हेच वाचून दाखवलं होतं. आणि एकट्या पद्मजाबाईंनीच काय, राज्यातल्या झाडून सगळ्यांनी तेच लिहिलं होतं. जो आकडा कधी बदलतच नाही, त्यातून शिकणारं यंत्र काय शिकणार? कमी औषध दिलं तरी सोळा, जास्त दिलं तरी सोळा. यंत्राने प्रामाणिकपणे निष्कर्ष काढला, की श्वासाचा औषधाशी काही संबंध नाही. आणि पट्ट्याकडून येणारा खरा संकेत? हातोड्याच्या दणक्यांनी त्यात गोंधळ माजतो, म्हणून यंत्र तो ‘शुद्ध’ करून पडद्यावर दाखवतं. शुद्ध म्हणजे अनुभवाशी ताडून. मालनबाईंचा श्वास नऊ झाला, चार झाला, थांबला. अकरा लाख माणसांत एकाचाही श्वास कधी नऊ झाल्याचं यंत्राने वाचलं नव्हतं. त्याने तो आकडा चुकीचा धरला आणि तिथे बरोबर आकडा घातला.

त्या गठ्ठ्यात एक तक्ता त्यांनी मुद्दाम शोधून काढला. अकरा वर्षांपूर्वीचा, शिवाप्पा तेली नावाच्या माणसाचा. मांडीचं हाड बसवताना फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकून तो टेबलावरच गेला होता. त्यात कुणाचा दोष नव्हता, तसा निर्वाळाही मिळाला होता. हृदय थांबल्याची वेळ अकरा चाळीस, असं खाली त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं होतं. श्वासाच्या रकान्यातली रेघ मात्र सुरुवातीलाच ओढलेली. ती सव्वाबारापर्यंत गेली होती. मेल्यानंतर पस्तीस मिनिटं शिवाप्पा मिनिटाला सोळा श्वास घेत होता, आणि हेही त्यांनी यंत्राला शिकवलं होतं.

तो कागद हातात घेऊन त्या तिथेच एका खोक्यावर बसल्या आणि रडल्या.

चौकशी समितीचे अध्यक्ष डॉ. वाळिंबे होते, वय एक्याऐंशी. पद्मजाबाई भुलीचं शास्त्र त्यांच्याच हाताखाली शिकल्या होत्या. बाईंनी समितीला विनंती केली, की दहा मिनिटं दोन नंबरच्या शस्त्रक्रियागृहात यावं, आणि रिबेकालाही बोलवावं. रिबेका आली. ती मान वर करत नव्हती.

टेबलावर एक उशी ठेवलेली होती.

“रिबेका, मालनबाईंना बांधलास तसाच पट्टा हिला बांध,” पद्मजाबाई म्हणाल्या.

रिबेकाने पट्टा बांधला, दोन बोटं आत सरकवून ताण पाहिला, कडी लावली. समितीतल्या एकाने पुढे होऊन तो ओढून बघितला. घट्ट होता. बोटाचा चिमटा बाईंनी स्वतःच्या बोटाला लावला आणि अंगाई सुरू केली. पडद्यावर त्यांची नाडी आली, शंभराच्या वर. प्राणवायू अठ्ठ्याण्णव आला. श्वासाच्या जागी आधी दोन आडव्या रेघा आल्या. अर्ध्या मिनिटाने त्या गेल्या आणि तिथे आकडा उमटला. सोळा.

उशी सोळा श्वास घेत होती.

कंपनीचा अभियंता म्हणाला, हे योग्य नाही, यंत्र माणसांसाठी आहे, उशीसाठी नाही. पद्मजाबाई म्हणाल्या, उशी आहे की माणूस हे त्याला कळत नाही, माणूस असला की सोळा असतात एवढंच त्याला माहीत आहे. मग त्यांनी शिवाप्पाचा तक्ता डॉ. वाळिंबेंच्या पुढ्यात ठेवला, आणि सोळा कुठून आला ते पहिल्यापासून सांगितलं. एकही तक्ता श्वास मोजून भरलेला नाही आणि खरेपणाच्या प्रमाणपत्रावर सही आपली आहे, हे दोन्ही त्यांनी सांगितलं.

डॉ. वाळिंबेंनी चष्मा काढून पुसला, परत लावला. ती रेघ कुठून कुठे गेली आहे, ते बोटाने चाचपून बघितलं. मग हळू आवाजात म्हणाले, “पद्मजा, हा कागद नोंदीत घेतला तर प्रकरण तुझ्यावर थांबणार नाही. सगळ्यांचेच तक्ते उघडावे लागतील.”

“तुम्ही मोजत होता का, सर?”

म्हातारबुवा पडद्यावरच्या सोळाकडे बघत राहिले.

पद्मजाबाई तिथेच थांबल्या असत्या तरी रिबेका सुटली असती. उशीने तिला सोडवलं होतं. पण त्या पुढे बोलल्या. अकरा वाजून सहा मिनिटांनी फोन आला होता. छाती आणि पोट उलटसुलट हलतंय, येऊन बघा, असं हिने सांगितलं होतं. रोग्याची वायुनलिका बंद झाल्याचं हे पुस्तकातलं लक्षण, परीक्षेत आपण ते शंभरदा लिहिलेलं, आणि आपण पडदा बघून हिला गप्प बसवलं. दार बारा पावलांवर होतं. तेव्हा गेले असते तर हनुवटी उचलून भागलं असतं. लेखनिकाने विचारलं, हे लिहून घेऊ का? बाई म्हणाल्या, लिहा.

बाहेर व्हरांड्यात रिबेका भिंतीला टेकून उभी होती. पद्मजाबाई जवळ गेल्या.

“फोनचं सांगायची गरज नव्हती, मॅडम,” ती म्हणाली. “मी कुणाला सांगणार नव्हते.”

“मला ठाऊक आहे.”

“आणि सांगायचंच होतं, तर मला नोटीस आली त्या दिवशी सांगायचं. एकोणतीस दिवस मी घरात तोंड लपवून बसले. शेजारच्या बाया म्हणत होत्या, हिनं गिरणीवाल्या मावशीला मारलं.” तिने डोळे पुसले. “मला पण तसंच वाटायला लागलं होतं. फोन ठेवून मी त्यांच्या नाकाशी हात धरायला पाहिजे होता. तुमच्याकडूनच शिकले होते मी ते.”

पद्मजाबाईंनी तिचा हात धरायला हात पुढे केला. रिबेकाने तो धरू दिला, पण आपली बोटं मिटली नाहीत. महिन्याभराने तिने राजीनामा दिला आणि सांगलीला घरोघरी जाऊन रोगी सांभाळायचं काम धरलं. सुदर्शनलाही बाई जाऊन सगळं सांगून आल्या. त्याने गिरणी बंद करून ऐकून घेतलं, आणि शेवटी म्हणाला, आता येत जाऊ नका. वैद्यक परिषदेने बाईंचं नाव सहा महिन्यांसाठी यादीतून काढलं, आणि निवृत्ती त्यातच येऊन गेली.

समितीचा अहवाल आला तो गुळमुळीत. घटना दुर्दैवी, दोष कुणा एकाचा नाही, जुन्या नोंदी भरण्याची पद्धत सदोष. शिवाप्पाचा तक्ता परिशिष्टात गेला, आणि परिशिष्ट कुणी वाचत नाही. बाकीचे तक्ते उघडले गेलेच नाहीत. अंगाई पंधरा दिवस बंद राहून सुधारणेसह पुन्हा सुरू झाली. सुधारणा अशी: पट्ट्याच्या आकड्यावर यापुढे विसंबायचं नाही. परिचारिकेने दर पाच मिनिटांनी रोग्याचा श्वास स्वतः मोजायचा आणि यंत्रात भरायचा. यंत्राची पुढची आवृत्ती या माणसाने मोजलेल्या, खात्रीच्या आकड्यांवरून शिकेल. वर्तमानपत्रांनी कौतुक केलं, की अखेर यंत्रापेक्षा माणसावर विश्वास ठेवला गेला.

पुढच्या आषाढात पद्मजाबाई अंगणातल्या शेवाळावरून घसरल्या आणि घोट्याचं हाड मोडलं. तालुक्यात शस्त्रक्रियेची सोय एकच, अभयदीप. कमरेतूनच भूल द्यावी लागणार होती. दुसरीकडे हलवायला त्यांनी सुचवून पाहिलं, पण तीन तासांच्या रस्त्यावर पाय सुजला असता, आणि तिथेही अंगाईच होती.

दोन नंबरच्या दाराबाहेर ट्रॉलीवर त्या पडून होत्या. आतून हत्यारांचा आवाज येत होता. एक तरुण परिचारिका फळीसारखं सपाट यंत्र हातात घेऊन आली, हसली, नाव-गाव विचारलं. कपाळाला तापमापक लावला, दंडाला रक्तदाबाचा पट्टा गुंडाळला. कामात चटपटीत होती, हात हलका होता. आत नवे भूलतज्ज्ञ होते, त्यांना काचेच्या खोलीतून चार टेबलं बघायची होती.

पद्मजाबाईंनी श्वास रोखून धरला. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. छाती हलू दिली नाही, पोट हलू दिलं नाही. मुलीने तापमान भरलं, नाडी भरली, रक्तदाब भरला. मग मान वर न करता बोटाने आणखी एक आकडा दाबला आणि पुढच्या पानावर गेली.

बाईंनी श्वास सोडला. “श्वास किती भरलास, बाळ?”

“सोळा, मॅडम. एकदम नॉर्मल.”

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. मुलगी गोड होती. कुणाचं वाईट व्हावं असं तिच्या मनात कधी येणार नाही, हे तोंडावर दिसत होतं. बाईंनी तिचा मोकळा हात हातात घेतला, आपल्या नाकाशी नेला आणि तिथे धरून ठेवला.

“मोज,” त्या म्हणाल्या. “पुरं एक मिनिट. घड्याळाकडे बघून.”

मुलगी बावरली, पण म्हाताऱ्या माणसाचं मन मोडू नये म्हणून हसून घड्याळाकडे बघायला लागली. ओठ हलवत ती मोजत होती. एक. दोन. तीन. बाईंचा श्वास भराभर येत होता. पाच. सहा.

दारावरचा दिवा हिरवा झाला. आतून कुणीतरी घ्या म्हणून हाक मारली. मुलीने हात काढून घेतला आणि ट्रॉली ढकलायला लागली, आणि मोजणी सातवर राहिली.